दिव्यांगांचा हक्क, सरकारचे कर्तव्य

भारताच्या राज्यघटनेत दिव्यांगांचा उल्लेख शोधावा लागतो. धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेदभाव करू नये असे कलम १५ सांगते, पण त्या यादीत शारीरिक वा मानसिक व्यंग नाही. ते येते मार्गदर्शक तत्त्वांमधल्या कलम ४१ मध्ये. बेकारी, म्हातारपण, आजारपण आणि विकलांगता यांनी गांजलेल्यांना राज्याने साहाय्य करावे, मात्र आपली आर्थिक क्षमता आणि विकास यांच्या मर्यादेत राहून, असे हे कलम म्हणते. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत नवव्या क्रमांकाला विकलांगांना आणि काम करण्यास असमर्थ असलेल्यांना साहाय्य, अशी नोंद आहे. दोन्ही ठिकाणी भाषा साहाय्याची आहे, आणि कलम ४१ मध्ये तर तिजोरीची अटही आहे. पुढच्या पाऊणशे वर्षांत या विषयावर जे कायदे झाले, जे खटले लढले गेले, त्यांतला मोठा भाग ही अट सैल करण्यात गेला.

स्वातंत्र्यानंतरची चार दशके धोरण याच चौकटीत चालले. विशेष शाळा, वसतिगृहे, कुबड्या आणि तीनचाकी सायकलींचे वाटप, प्रवासभाड्यात सवलत, असे त्याचे स्वरूप होते. महाराष्ट्रातली १९८० पासूनची संजय गांधी निराधार अनुदान योजना त्याच परंपरेतली. या गोष्टींना कमी लेखण्याचे कारण नाही. महिन्याचे अनुदान ज्या घरात येते त्या घराला त्याची किंमत ठाऊक असते. पण सवलत देणारा ती केव्हाही कमी करू शकतो, लांबवू शकतो, आणि घेणाऱ्याला कुठे दाद मागता येत नाही. १९७७ मध्ये केंद्र सरकारने गट क आणि गट ड च्या पदांत ३ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखल्या, पण त्याही केवळ सरकारी आदेशाने. त्यामागे कायद्याचे बळ नव्हते.

कायदा आला १९९५ मध्ये, आणि तो आडवाटेने आला. विषय राज्यसूचीतला असल्यामुळे संसदेला त्यावर एरवी कायदा करता आला नसता. डिसेंबर १९९२ मध्ये बीजिंगला आशिया-प्रशांत देशांच्या बैठकीत दिव्यांगांच्या पूर्ण सहभागाचा आणि समानतेचा जाहीरनामा मंजूर झाला आणि भारताने तो स्वीकारला. आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी संसदेला कोणत्याही विषयावर कायदा करता येतो, असे घटनेचे कलम २५३ सांगते. त्याच कलमाचा आधार घेतला गेला. विधेयक रेंगाळू नये म्हणून १९९५ च्या डिसेंबरात जावेद आबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीत धरणे धरले. स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या आबिदींनी पुढे २०१८ मध्ये मृत्यू येईपर्यंत हा लढा सोडला नाही. ‘अपंग व्यक्ती (समान संधी, हक्कांचे संरक्षण व संपूर्ण सहभाग) अधिनियम’ ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला.

या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार ठरवले. सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण दिले. त्यात अंध व अल्पदृष्टी, कर्णबधिर, आणि अस्थिव्यंग व सेरेब्रल पाल्सी असलेल्या व्यक्तींना प्रत्येकी १ टक्का जागा होत्या. हक्क हा शब्द कायद्याच्या नावातच होता. पण बस, रेल्वे, रस्ते आणि इमारती दिव्यांगांना वापरता येतील अशा करण्याचे कलम आले तिथे कलम ४१ मधली अट जशीच्या तशी उतरली: आर्थिक क्षमता आणि विकासाच्या मर्यादेत. रॅम्प न बांधणाऱ्या कार्यालयाला या कायद्यात कोणतीही शिक्षा नव्हती. शिक्षेचे कलम होते ते दिव्यांगांसाठीच्या सवलती लबाडीने लाटणाऱ्यासाठी. संशय लाभार्थ्यावर आणि मोकळीक अधिकाऱ्याला, अशी ही रचना होती. तिचे परिणाम पुढची वीस वर्षे दिसत राहिले.

आरक्षणाचेच पाहा. दिव्यांग व्यक्तीला कोणती पदे देता येतील याची आधी पदसुनिश्चिती करायची आणि मग आरक्षण लावायचे, असा क्रम कायद्यात होता. वरच्या गटांत खात्यांनी त्याचा अर्थ असा लावला की ३ टक्के हे सगळ्या पदांचे नव्हे, फक्त सुनिश्चित केलेल्या पदांचे मोजायचे. यादी आखूड ठेवली की जागाही कमी होतात. यादीच वेळेवर केली नाही तर प्रश्नच मिटला. अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने हे न्यायालयात नेले. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आरक्षण संवर्गातल्या एकूण रिक्त पदांवर मोजले पाहिजे. सुनिश्चित पदे ही फक्त नेमणूक कुठे द्यायची ते ठरवण्यासाठी. बिंदुनामावली, म्हणजे राखीव जागांची क्रमवार नोंद, नव्याने तपासण्याची आणि अनुशेष भरण्याची वेळ त्यामुळे खात्यांवर आली. २०१६ मध्ये न्यायालयाने पदोन्नतीतही हे आरक्षण मान्य केले, आणि २०२० मध्ये त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केले.

दरम्यान जगात या विषयाकडे पाहण्याची दृष्टी बदलली होती. पूर्वी अपंगत्व हा शरीरातला दोष समजला जाई. उपचार करायचे, आणि ते जमले नाही तर सांभाळ करायचा. दिव्यांगांच्या चळवळीने वेगळा प्रश्न विचारला. चालता न येणारी व्यक्ती तहसील कचेरीत जाऊ शकत नाही ती पायांमुळे की पायऱ्यांमुळे? ऐकू न येणारा विद्यार्थी मागे पडतो तो कानांमुळे की वर्गात सांकेतिक भाषा कुणालाच येत नाही म्हणून? शरीरातली उणीव आणि भोवतालचा अडथळा एकत्र आल्यावर अपंगत्व तयार होते, आणि यांतला अडथळा माणसांनी उभारलेला असल्यामुळे तो माणसांना काढताही येतो, ही या विचाराची मांडणी. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेला दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार याच पायावर उभा आहे. भारताने त्यावर ३० मार्च २००७ रोजी सही केली आणि १ ऑक्टोबर २००७ रोजी तो मान्य करून स्वतःवर बंधनकारक करून घेतला. १९९५ चा कायदा आता अपुरा होता. सुधा कौल यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ मध्ये नव्या कायद्याचा मसुदा दिला, २०१४ मध्ये विधेयक आले, त्यावर बराच वाद झाला. शेवटी डिसेंबर २०१६ मध्ये दोन्ही सभागृहांनी ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम’ मंजूर केला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे.

नव्या कायद्यात प्रकार सातांवरून २१ झाले. अध्ययन अक्षमता, स्नायूंचा क्षय, पार्किन्सन, बुटकेपणा, ॲसिड हल्ल्यातून आलेले व्यंग, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांची नावे पहिल्यांदाच केंद्रीय कायद्यात आली. विदर्भातल्या आदिवासी आणि दलित कुटुंबांना सिकलसेल पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. सांधे आणि हाडे ठणकवणारे झटके, रक्त चढवून घेण्यासाठी पुन्हा पुन्हा रुग्णालय, बुडलेली शाळा आणि बुडलेली मजुरी हे सगळे असूनही बाहेरून माणूस धडधाकट दिसतो. कायद्याने या न दिसणाऱ्या अपंगत्वाला नाव दिले हे मोठेच पाऊल होते. मात्र नोकरीतले आरक्षण ३ वरून ४ टक्के झाले तेव्हा ते ज्या गटांत वाटले त्यांत रक्ताच्या या आजारांना जागा मिळाली नाही. उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागांवर त्यांचा हक्क आहे. नोकरीच्या रांगेत तो संपतो. एकाच कायद्याच्या पोटात राहिलेली ही विसंगती अजून दूर झालेली नाही.

बहुतेक लाभांसाठी अट आहे ती लक्षणीय दिव्यांगत्वाची, म्हणजे किमान ४० टक्क्यांची. ही टक्केवारी जिल्हा रुग्णालयातले किंवा नेमून दिलेले वैद्यकीय मंडळ ठरवते आणि त्यावरून प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले यूडीआयडी कार्ड मिळते. एक पाय नसणे टक्क्यांत बसवता येते. मनोविकार, स्वमग्नता किंवा अधूनमधून उसळणारा आजार मोजणे फार अवघड असते. तपासणीच्या दिवशी माणूस बरा असेल तर आकडा खाली येतो. ३९ आणि ४० यांतल्या एका टक्क्यावर शिष्यवृत्ती, राखीव जागा आणि अनुदान अवलंबून राहते. मुळात प्रमाणपत्रापर्यंत पोचणारेच कमी. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात दिव्यांगांपैकी फक्त २८.८ टक्के लोकांकडे प्रमाणपत्र आढळले. ज्याला हलता येत नाही त्यालाच जिल्ह्याच्या गावी बोलावून रांगेत उभे करायचे, आणि त्या दिवशी तज्ज्ञ डॉक्टर नसतील तर पुढची तारीख द्यायची, या पद्धतीत याहून वेगळे काही घडणे कठीण होते. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीला आली की तपासण्या कडक होतात, आणि त्याचा भार पुन्हा खऱ्या दिव्यांगांवरच पडतो.

या कायद्यातली सगळ्यांत दमदार कल्पना ‘वाजवी सोय’ ही आहे. सगळ्यांना सारखे वागवणे म्हणजे समानता, ही समजूत ती बाजूला सारते. एखाद्या व्यक्तीला तिच्या गरजेप्रमाणे नियमात, वेळेत किंवा साधनात बदल करून देणे हे संस्थेचे कर्तव्य ठरते, जोवर तो बोजा अवाजवी होत नाही तोवर. ते नाकारले तर तो भेदभाव समजला जातो. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात हे स्पष्ट केले. उमेदवाराच्या हाताला लिहिताना पेटके येत. त्याने लेखनिक मागितला, आणि लक्षणीय दिव्यांगत्वाच्या व्याख्येत बसत नाही म्हणून तो नाकारला गेला. न्यायालयाने म्हटले की ४० टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे. वाजवी सोय मिळण्यासाठी ती लावता येत नाही. पुढच्या वर्षी केंद्राने अशा उमेदवारांसाठी लेखनिकाचे स्वतंत्र नियम काढले. परीक्षेच्या खोलीत हात आखडलेला विद्यार्थी आणि शेजारी त्याचे उत्तर उतरवून घेणारा लेखनिक, एवढ्या साध्या व्यवस्थेसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

टक्केवारी उलट्या बाजूनेही आड येते. महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याला वाणीचे ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व होते, आणि वैद्यकीय प्रवेशाच्या नियमानुसार तेवढ्यावरून तो एमबीबीएसला अपात्र ठरत होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आकडा पाहून दार बंद करता येणार नाही. हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम पुरा करू शकेल का, हे मंडळाने प्रत्यक्ष तपासले पाहिजे आणि नकार दिल्यास कारणे लिहिली पाहिजेत. मध्य प्रदेशात अंध व्यक्तींना न्यायिक सेवेत प्रवेशच नाकारणारा नियम होता. एका दृष्टिहीन उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले, त्या पत्राचीच याचिका झाली, आणि ३ मार्च २०२५ रोजी तो नियम रद्द झाला.

नोकरीत अशा नकारांचे महाराष्ट्राला ठाऊक असलेले उदाहरण उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचे. लहानपणीच दृष्टी गेलेल्या प्रांजल २०१५ ची नागरी सेवा परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि त्यांना रेल्वेची लेखा सेवा मिळाली, पण पूर्ण अंधत्वामुळे नेमणूक नाकारली गेली. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळवला, भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरे त्या काळात सर्रास उपलब्ध होती. हिशेबाची कागदपत्रे अंध अधिकाऱ्याला हाताळता येणार नाहीत हा समज मात्र त्याआधीच्या काळातला होता. त्यांच्या जिद्दीचे कौतुक व्हावे तेवढे थोडे, पण ज्यांना दुसऱ्यांदा परीक्षा देणे परवडले नाही त्यांची नावे कुणाला कळत नाहीत. धोरणाचा विचार त्यांना धरून व्हायला हवा. २०१८ च्या त्याच सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या दिव्यांगांपैकी काम करणारे किंवा काम शोधणारे जेमतेम २३.८ टक्के होते.

वाजवी सोय ही एका व्यक्तीने मागितल्यावर द्यायची असते. सुगम्यता, म्हणजे सार्वजनिक जागा आणि सेवा सगळ्यांना वापरता येण्याजोग्या असणे, ही कुणी मागण्याआधीच असायला हवी. रॅम्प, लिफ्ट, स्थानकावरच्या उद्घोषणा, वाचता येईल असे संकेतस्थळ हे तिच्यात मोडते. जानेवारी २००१ मध्ये शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले तेव्हा कुतुबमिनार आणि जंतरमंतरसारख्या ठिकाणी घाईघाईने लाकडी रॅम्प उभे राहिले. मनात आणले तर काही दिवसांत होणारे काम त्याआधी अनेक वर्षे झाले नव्हते. ३ डिसेंबर २०१५ रोजी ‘सुगम्य भारत अभियान’ सुरू झाले. २०१६ च्या कायद्याने तर पुढे जाऊन म्हटले की सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीच्या नकाशाला मंजुरी देऊ नये, बांधून झाल्यावर पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, आणि जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुधाराव्यात. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली.

रॅम्प हा शब्द सगळ्यांना कळतो, पण त्याचे गणित कचेऱ्यांत क्वचित पाळले जाते. व्हीलचेअर स्वतःच्या हाताने वर नेता यावी यासाठी उतार १:१२ पेक्षा तीव्र नको. एक पायरी १५ सेंटीमीटरची धरली तर तीन पायऱ्यांची उंची ४५ सेंटीमीटर होते आणि तिला सुमारे साडेपाच मीटर लांबीचा रॅम्प लागतो. दोन्ही बाजूंना धरायला कठडा हवा, जमीन घसरडी नको, आणि वर दारापाशी व्हीलचेअर वळवता येईल इतकी, साधारण दीड मीटरची सपाट जागा हवी. नाहीतर एका हाताने दार उघडताना खुर्ची मागे घरंगळते. प्रत्यक्षात तीन पायऱ्यांच्या कडेला दीड-दोन मीटरचा सिमेंटचा उतार ओतून दिलेला दिसतो. त्यावरून मोटारसायकल चढते. व्हीलचेअर मागून दोघांनी ढकलली तरी उलटण्याची भीती असते. पदपथावरच्या पिवळ्या फरशांचेही तसेच. उभ्या रेषांच्या फरशीचा अर्थ सरळ चला, आणि ठिपक्यांच्या फरशीचा अर्थ सावध व्हा, पुढे वळण, पायरी किंवा रस्ता आहे. या खुणा अंध माणूस पायाने आणि काठीने वाचतो. त्या नुसत्या शोभेसाठी बसवल्या आणि रेषा थेट विजेच्या खांबापाशी नेऊन सोडल्या, तर फरशी नसलेला पदपथ बरा.

हे असे का होते याचे एक कारण नियमातच दडलेले होते. राजीव रतुरी या दृष्टिहीन कार्यकर्त्याने सुगम्यतेसाठी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यावर २०१७ मध्ये निर्देश निघाले, आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी आलेल्या निकालात न्यायालयाने सुगम्यतेविषयीचा नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा म्हणत होता, पाळलेच पाहिजे. नियमाने निरनिराळ्या मंत्रालयांच्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवले होते, आणि त्या सूचनांची भाषा शिफारशींची होती. कोणत्या गोष्टी टाळताच येणार नाहीत त्या वेगळ्या काढून तीन महिन्यांत सक्तीचे नियम करावेत, असा आदेश न्यायालयाने केंद्राला दिला. किमान इतके झालेच पाहिजे आणि यापुढचे हळूहळू करता येईल, अशी विभागणी केल्याशिवाय सुगम्यता कुणाच्याच गळ्यात पडत नाही, हे या निकालाचे मर्म आहे.

सुगम्यता आता मोबाइलच्या पडद्यावरही लागते. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. प्रकरण असे होते: ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे जळालेल्या स्त्रियांना बँकेचे केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, करता येत नव्हते, कारण समोरची व्यक्ती जिवंत आहे हे पटण्यासाठी यंत्रणा तिला डोळे मिचकावायला सांगत होती.

कधी अडथळा भिंतीत नसतो, वागणुकीत असतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या कार्यकर्त्या जीजा घोष फेब्रुवारी २०१२ मध्ये एका परिषदेसाठी कोलकात्याहून गोव्याला निघाल्या होत्या. विमानात बसल्यावर कर्मचाऱ्यांनी त्यांना, प्रकृती ठीक दिसत नाही असे ठरवून, उतरवले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमान कंपनीला १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. शरीराच्या हालचाली वेगळ्या दिसल्या एवढ्यावरून एका सुशिक्षित स्त्रीच्या वतीने इतरांनी निर्णय घेतला होता.

इतरांनी घेतलेले निर्णय याहून भयंकर असू शकतात. १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया पुण्यात करण्यात आल्या. पाळीच्या दिवसांत स्वच्छता राखणे कर्मचाऱ्यांना कठीण जाते, हे त्याचे समर्थन होते. स्त्री संघटनांनी आणि डॉक्टरांमधल्या काहींनी त्याविरुद्ध आवाज उठवला. काळजी घेणाऱ्यांची गैरसोय मुलींच्या शरीरावर शस्त्र चालवून दूर करण्यात आली होती. आजचा कायदा म्हणतो की कोणाही दिव्यांग व्यक्तीवर तिच्या स्वेच्छेने आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी शस्त्रक्रिया करता येणार नाही. पालकत्वाबाबतही त्याने दिशा बदलली: पालकाने व्यक्तीच्या जागी निर्णय घेण्याऐवजी तिच्यासोबत, ठरावीक बाबीपुरता आणि ठरावीक काळापुरता घ्यावा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातली जुनी पालकत्वाची पद्धत मात्र अजून शिल्लक आहे, त्यामुळे प्रौढ मुलांच्या पालकांना दोन कायद्यांमधून वाट काढावी लागते. कुष्ठरोगाच्या बाबतीत जुन्या कायद्यांची साफसफाई बरीच झाली. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ मध्ये वगळले गेले.

शिक्षणात ६ ते १८ वयाच्या दिव्यांग मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. महाराष्ट्राने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती १९९० च्या दशकापासूनच दिल्या, देशाच्या कायद्यात हा प्रकार येण्याच्या कितीतरी आधी. तरी वर्गात शिकवणार कोण हा प्रश्न राहतोच. प्राथमिक वर्गांसाठी १० दिव्यांग मुलांमागे एक आणि पुढच्या इयत्तांसाठी १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरले आहे. पदे कंत्राटी आणि रिकामी राहिली तर पटावर नाव असलेले मूल शेवटच्या बाकावर बसून घरी जाते. २०१८ मध्ये सात वर्षांवरच्या दिव्यांगांत साक्षर होते ५२.२ टक्के.

पैशाची बाजू सगळ्यांत दुबळी आहे. केंद्राच्या दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाची २०२४-२५ ची तरतूद सुमारे १,२२५ कोटी रुपये होती. २०११ च्या जनगणनेतल्या २.६८ कोटी दिव्यांगांत वाटली तर माणशी वर्षाला साडेचारशे रुपयांच्या आसपास. केंद्राचे दिव्यांग निवृत्तिवेतन दारिद्र्यरेषेखालच्या आणि ८० टक्क्यांवर दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला महिना ३०० रुपये आहे, आणि ते एका तपाहून अधिक काळ तेवढेच आहे. महाराष्ट्रात संजय गांधी योजनेतून १,५०० रुपये मिळत. २०२५ मध्ये बच्चू कडू यांच्या उपोषणानंतर आणि मोर्चांनंतर दिव्यांगांसाठी ते २,५०० झाले. व्हीलचेअरची दुरुस्ती, सोबतीचा माणूस, रिक्षाचे भाडे असे वरचे खर्च दिव्यांगाला असतात, म्हणून सामाजिक सुरक्षेची त्याची रक्कम इतरांपेक्षा किमान २५ टक्क्यांनी जास्त असावी असे २०१६ चा कायदा सांगतो. पण याच कलमाच्या सुरुवातीला कलम ४१ ची अट पुन्हा भेटते: आर्थिक क्षमता आणि विकासाच्या मर्यादेत. इमारतींच्या कलमातून ती गेली, निर्वाहाच्या कलमात मात्र टिकून राहिली.

महाराष्ट्राने दोन गोष्टी केल्या. डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला. आणि ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा, हा नियम केला. पूर्वी तो ३ टक्के होता. हा निधी गावाच्या हातातला आहे, म्हणून त्याचा हिशेब ग्रामसभेत मागता येतो. किती जमा झाला, कुणाला काय दिले आणि मार्चअखेर काय उरले, हे विचारणारे दिव्यांग ज्या गावात संघटित आहेत तिथे तो खर्च होतो.

कायदा मोडल्यास आता शिक्षा आहे. पहिल्या भंगाला १० हजारांपर्यंत आणि पुढच्यांना ५० हजार ते ५ लाख रुपये दंड. मुद्दाम अपमान, मारहाण, लैंगिक शोषण यांना सहा महिने ते पाच वर्षे कैद. जुलै २०२० मध्ये केंद्राने यांतल्या काही गुन्ह्यांचे स्वरूप सौम्य करण्याचा प्रस्ताव मांडला होता. टाळेबंदीतही देशभरच्या संघटनांनी विरोध केला आणि तो मागे घेतला गेला. तक्रार ऐकण्यासाठी केंद्रात मुख्य आयुक्त आणि राज्यांत आयुक्त आहेत. महाराष्ट्राच्या आयुक्तांचे कार्यालय पुण्यात आहे. साक्षीदार बोलावणे, कागद मागवणे यांचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत, पण शेवटी ते शिफारस करतात. ती मान्य नसेल तर खात्याने तीन महिन्यांत कारण कळवायचे, एवढेच बंधन. म्हणून ज्याला वकील आणि वेळ परवडतो तो उच्च न्यायालयात जातो.

या सगळ्याच्या बुडाशी मोजदाद आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९.६३ लाख दिव्यांग नोंदले गेले, आणि देशातले प्रमाण २.२१ टक्के भरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात ते १६ टक्क्यांच्या आसपास आहे. एवढी तफावत लोकांच्या प्रकृतीतून येत नाही. कोणता प्रश्न विचारला आणि घरच्यांनी काय सांगितले यांतून येते. लग्नाच्या मुलीचा मनोविकार किंवा मुलाची स्वमग्नता प्रगणकापुढे उघड करायला कुटुंबे कचरतात, आणि २०११ ची प्रश्नावली २०१६ च्या २१ प्रकारांच्या आधीची आहे. त्यानंतरच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरला आहे. तोवर निवृत्तिवेतनाची तरतूद, विशेष शिक्षकांची पदे आणि गावचा ५ टक्के निधी यांचे हिशेब जुन्या आकड्यांवरच मांडले जात आहेत.